पोच

वुओक्सी नदीच्या काठी तीन नंबरचं यंत्र
मिनिटाला दीड किलोमीटर कागद ओततं.
बाहेर उणे सव्वीस, आत वाफ,
काचांना आतून पाणी, बाहेरून बर्फ.
वाळवणीच्या सिलिंडरांची घरघर अशी
की शेजारी उभा माणूसही नुसते ओठ हलवतो.

ओइवा केत्तुनेन इथे तेहतीस वर्षं कानोसा घेत फिरला.
बर्चची काठी, एक टोक बेअरिंगला,
दुसरं कानामागच्या हाडाला.
"नवव्याच्या पोटात दुखतंय," म्हणायचा,
आणि दुखत असायचंच.
डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्याला.
त्या दिवशी कोणीतरी "थांबव!" म्हणून ओरडलं होतं, दोनदा.
ओरडणाऱ्याचा घसा आठवडाभर बसला.
हाक गेली होती, वाटेत घरघरीने खाल्ली.
याच्यापलीकडे ओइवा कधी सांगत नसे.

आता ती काठी नियंत्रण कक्षात खुंटीला,
आणि बेअरिंगांवर काडेपेटीएवढ्या राखाडी डब्या,
लोहचुंबकाने चिकटलेल्या, पोटात बॅटरी,
एकंदर तीनशे बारा.
तारा नाहीत. तारा या वाफेत उकडून निघतात.

तीनशे बाराजणींना एकच हवा.
म्हणून सेकंदाचे शंभर तुकडे, आणि प्रत्येकीची पाळी ठरलेली.
आपल्या पाळीला बोलायचं, मोजकं:
मी अमुक, ताप इतका, थरथर इतकी.
मग कान देऊन थांबायचं, पोच येईपर्यंत.
नाही आली तर पट्टी बदलून पुन्हा.
कोणी कोणाच्या बोलण्यात तोंड घालत नाही.
आमच्याकडे सौनाच्या बाकावर बसतात तसंच,
फक्त तिथे एका वाक्यावर दुसरं यायला
कधी कधी दहा मिनिटं जातात.

जानेवारीची रात्रपाळी, तीन वाजून दहा.
पडद्यावर सत्तेचाळीस पिवळी झाली.
पिवळी म्हणजे आहे, पण आडवाटेने येतेय.
टॉर्च घेऊन निघाले.
बघते तर सिनिक्का हापाकोस्की
फोर्कलिफ्टने ओल्या रद्दीचे गठ्ठे वाटेत रचून
कॉफीला गेलेली.
ओला कागद रेडिओच्या लहरी पिऊन टाकतो,
ढेकरही न देता.

गठ्ठ्यावर हात ठेवून मी उभी, तेवढ्यात
सत्तेचाळीस काहीतरी म्हणाली.
पोच नाही.
पट्टी बदलून म्हणाली. पोच नाही.
मग तिने वर पाहिलं
(असं मी म्हणते, तिला डोळे नाहीत),
क्रेनच्या तुळईवरच्या बावन्नला सांगितलं,
बावन्नने अठराला, अठराने यंत्राला.
सगळं मिळून सेकंदाचा विसावा हिस्सा.
हे मला नंतर नोंदी वाचून कळलं.
तेव्हा एवढंच कळलं
की पायाखालची जमीन थरथरायची थांबत चाललीय.
कागद सैल पडला, फाटला,
सिलिंडर एकेक करून गप्प झाले.

पलीकडे वाकून पट्ट्या खरवडत होता ताइस्तो विलेन.
उठला. म्हणाला, "काय झालं?"
चार वर्षांत यंत्राशेजारी त्याचा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला. बराच बारीक आहे.
हातमोजे काढून त्याने कपाळ पुसलं.
मी मोजली. दहा.

नवव्याचं बेअरिंग उघडलं तेव्हा
त्यातल्या गोळ्यांचा चुरा झालेला.
सिनिक्काने गठ्ठे हलवले, न विचारता,
आणि माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली, न सांगता.

सकाळी सात वाजता ओइवाला फोन केला.
सगळं सांगितलं: नववा, ओली रद्दी, सत्तेचाळीस, ताइस्तोचे हात.
पलीकडे शांतता.
चुलीत लाकूड तडकल्याचा आवाज.
मी पुन्हा सांगणार होते,
थोडी पट्टी बदलून,
तोच त्याने श्वास आत ओढला
आणि त्या ओढलेल्या श्वासावरच,
इथली म्हातारी माणसं म्हणतात तसं,
अर्धा शब्द आला:
"यो."

मी फोन ठेवला.